कापडी पिशवीतला अर्धा रिमोट

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी नीट बघून घ्या. मला उजवी बाजू नाही. जिथं ती होती तिथं करवतीची खूण आहे आणि हाताला टोचू नये म्हणून त्या खुणेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला आहे. मी संगणकावर गेम खेळायचा रिमोट आहे. दुकानात मला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण गडमुडशिंगीतल्या ह्या घरात आलो आणि रिमोट झालो. घरातल्या अंबूबाई तर बरेच दिवस मला टीव्हीकडे रोखून चॅनेल बदलतो का ते बघत होत्या.

माझा जन्म कुठं झाला ते मला सांगता येणार नाही. खोक्यावर लिहिलं होतं म्हणे, पण मी खोक्याच्या आत होतो. मी चांगला अखंड होतो तेव्हा. अंगठ्यानं फिरवायच्या दोन काठ्या, डझनभर बटणं, दोन्ही मुठींत बसेल असं अंग. मला बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की माणसाला दोन हात असतात.

जोतीरामला एकच होता. अंबूबाईंचा हा धाकटा मुलगा गावाजवळच्या एका गुऱ्हाळावर कामाला होता. बाविसाव्या वर्षी चरकात ऊस घालताना त्याचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. भेटायला येणारी माणसं हळहळायची, चहा प्यायची आणि जायची. जेवायला हाक मारली तर तो पहिल्या हाकेला कधीच उठायचा नाही.

त्याची मोठी बहीण राजनंदिनी कोल्हापुरात एका क्लासमध्ये संगणक शिकवायची. क्लासमध्ये नवे संगणक आले तेव्हा जुने अडगळीत टाकले. नवी विंडोज त्यांना झेपत नव्हती. त्यातला एक तिनं मागून घरी आणला, त्याच्यावर लिनक्स चढवलं आणि भावाचा जीव रमावा म्हणून मला विकत घेतलं. जोतीरामनं मला छातीशी दाबून, कोपरानं रेटून दोन दिवस खेळून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला भिंतीवर फेकून मारलं. माझा एक कोपरा उडाला. मला राग आला नाही, खरं सांगतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही फेकलं असतं.

पुढच्या रविवारी राजनंदिनी करवतीचं पातं घेऊन बसली.

"आक्का, नवा कोरा हाय की त्यो! कापतीस काय?" जोतीराम बऱ्याच दिवसांनी एवढं मोठ्यानं बोलला.

"नव्याचं काय लोणचं घालायचं हाय? दोन हातांचा तुला काय कामाचा?"

तिनं मला उघडलं, उजवी बाजू कापून काढली, तिकडची बटणं माझ्या पाठीवर आणून बसवली आणि तारा जोडल्या. दुखलं की नाही ते मला आठवत नाही. पण डाव्या हाताची पाच बोटं माझ्याभोवती नीट बसली आणि जोतीराम माझ्याकडे बघून थोडासा हसला, ते आठवतं.

पण कापलेला रिमोट म्हणजे नुसता कापलेला रिमोट. खेळाला दोन काठ्या लागतात, माझ्याकडे एकच उरलेली. म्हणून राजनंदिनीनं एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'डावखुरा'. पाठीवरचं बटण दाबून धरलं की माझी तीच काठी दुसऱ्या काठीचं काम करायची, सोडलं की परत पहिलीचं. हे शहाणपण माझ्यात नव्हतं, मित्रांनो. ते त्या जुन्या डब्यात, म्हणजे संगणकात होतं. मला नुसता अंगठा कळत होता. हे एवढं लक्षात ठेवा.

लिनक्सविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. संगणकाला चालवणारं जे मूळ सामान असतं, तसलं ते एक आहे, पण ते जगभरची माणसं मिळून बनवतात आणि ज्याला पाहिजे त्याला वापरू देतात. कुणी एक गाठ सोडवतो, कुणी दुसरी, आणि सोडवलेलं सगळ्यांसमोर ठेवतो. मात्र त्याच्यावर गेम खेळायचा म्हणजे आधी गेमशी भांडायचं आणि मग खेळायचं. गेम बनवलेला असतो विंडोजसाठी, मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो आणि दुभाष्या अधूनमधून रुसतो. जोतीरामचा आवडता खेळ ट्रक चालवायचा होता. कुठल्यातरी परक्या देशातला डोंगर, त्याला तो आंबा घाट म्हणायचा. पहिल्या महिन्यात आमचा ट्रक रोज दरीत.

"चालंना!" जोतीराम ओरडायचा.

"चालंना म्हणजे काय?" राजनंदिनी विचारायची. "काय दाबलंस? काय झालं? काय व्हायला पाहिजे होतं? तीन गोष्टी सांग, मग मी बघते."

तिनं त्याला दोनशे पानी वही आणून दिली आणि हे तीन प्रश्न त्यात डाव्या हातानं लिहायला लावले. पहिल्या पानांवरची अक्षरं म्हणजे मुंग्यांची पळापळ. तिसाव्या पानापर्यंत ती वाचता यायला लागली. एकेक तक्रार मिटली की राजनंदिनी तिच्यापुढं लाल पेनानं बरोबरची खूण करायची. प्रोग्रॅम सुधारायचा म्हणून ती त्याला लिहायला लावत होती, की लिहायला यावं म्हणून प्रोग्रॅम सुधारत होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

'डावखुरा' तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. त्याच्या पानावर स्वतःचं नाव नाही, गाव नाही. वर फक्त माझा फोटो लावला, सायकलच्या ट्यूबसकट. मला वाटलं, मला कोण बघणार? पण लांबलांबून माणसं आली. चिली नावाच्या देशातला एक म्हातारा सुतार, त्याचा हात करवतीत गेला होता. केनियातली एक मुलगी, जन्मापासून एका हाताची. तिनं लिहिलं की आज माझा ट्रक पहिल्यांदा डोंगर चढला. राजनंदिनी ते मराठीत करून जोतीरामला वाचून दाखवायची. आपल्या घाटात ही एवढ्या लांबची पोरगी कुठनं आली, असं म्हणून तो खूश व्हायचा.

ह्या कामाचं तिला कुणी काही देत नव्हतं, आणि तिनं ते मागितलंही नव्हतं. सकाळी क्लासला जायच्या आधी एक तास आणि रविवारची दुपार, एवढा तिचा वेळ. वडील, म्हणजे आण्णा, एकदा गवताचा भारा टाकून जाता जाता दारात थांबले.

"काय करायलीस गं एवढं टकाटका?"

"काय न्हाय आण्णा, जोत्याच्या खेळाचं हाय."

"बरं बरं," म्हणून आण्णा धार काढायला गेले. उत्तर खोटं नव्हतं. पण त्यानंतर घरात कुणीच काही विचारलं नाही.

मग एकदा तिच्याकडून चूक झाली. घाईत नवी आवृत्ती जगापुढं ठेवली आणि तिच्यात ऐन वळणावर काठी अडकायला लागली. ज्यांनी दोन वर्षांत कधी आभाराचा शब्द लिहिला नव्हता, ती माणसं त्या दिवशी लिहिती झाली. एकानं लिहिलं, एवढं जमत नसेल तर दुकान बंद करा. राजनंदिनीनं ते वाचलं आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच परत आणला. तेव्हापासून तिनं ठरवलं की जोतीराम घाट पूर्ण चढून उतरत नाही, वहीत एकही तक्रार उरत नाही, तोवर काहीही जगापुढं ठेवायचं नाही. काम चालू राहिलं, पण ते सगळं त्या जुन्या डब्यातच साठत गेलं. दोन वर्षं.

एक माणूस तिला पानावर परत परत लिहायचा की अर्धवट असलं तरी ठेवा, आम्हीही हात लावतो. त्यानंच 'डावखुरा'चं सगळं मराठी करून दिलं होतं. त्याचं नाव पारस. प्रोग्रॅमच्या नावावरून त्याला एवढं कळलं होतं की लिहिणारा मराठी आहे. पुण्यातला कुणी मोठा इंजिनियर असणार, अशी त्यानं स्वतःची समजूत करून घेतली होती. राजनंदिनीचं उत्तर ठरलेलं असायचं. पुरतं होऊ दे, मग ठेवते.

गेल्या श्रावणात ते पुरतं झालं. एका रविवारी आमचा ट्रक घाट चढला, उतरला, पलीकडच्या गावात जाऊन थांबला. काठी कुठंही अडकली नाही. जोतीरामनं वहीत लिहिलं, आज काही नाही. राजनंदिनीनं ते पान दोनदा वाचलं. मग इंटरनेटवरच्या पानावर जगाला कळवलं की नवी आवृत्ती तयार आहे, माहिती लिहून काढते आणि येत्या रविवारी ठेवते.

सोमवारी तिला ताप भरला. डेंग्यू होता. शुक्रवारी संध्याकाळी तिला गावच्या स्मशानात नेलं.

रविवार आला आणि गेला.

मित्रांनो, त्या घरात पुढं काय झालं ते मला फार सांगवत नाही. एवढंच सांगतो की दिवसकार्य झाल्यावर जोतीरामनं डबा चालू केला आणि मला हातात घेतलं. तिचं ते पुरतं झालेलं काम त्यात होतंच, त्यामुळं घाट नीट चालला. काठी वळली की त्याला आक्का शेजारी बसल्यासारखी वाटायची. खंडेनवमीला खुरपी, विळा, आण्णांचा पाना पाटावर मांडला तेव्हा अंबूबाईंनी मलाही मांडलं. माझ्या ट्यूबवर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. डब्याला कुणी कुंकू लावलं नाही. आक्कानं कापला रिमोट, तारा जोडल्या रिमोटच्या, म्हणजे तिचं सगळं रिमोटमध्येच, असं त्या सगळ्यांनी धरलं होतं, आणि टकाटका करून ती रिमोटच सुधारते असं जोतीरामलाही वाटायचं. मला बोलता आलं असतं तर मी त्याच दिवशी पाटावरून ओरडलो असतो.

दिवाळीनंतर डब्यावर एक निळी चौकट रोज यायला लागली. नवं सामान आलं आहे, चढवू का? आक्कानं सांगून ठेवलं होतं की मी म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पण आक्का आता म्हणणार कशी? एका दुपारी जोतीरामनं कंटाळून होय दाबलं, आणि अर्ध्यावर वीज गेली. वीज आल्यावर डबा काळा तो काळाच.

शेजारच्या स्वप्नालीनं सांगितलं की कोल्हापुरात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लिनक्सवाल्या लोकांचा मेळावा भरतो आणि ते जुने संगणक हौसेनं दुरुस्त करून देतात. आण्णांनी मोटारसायकल काढली. मागं जोतीराम, मांडीवर डबा, आणि गळ्यात कुणाच्यातरी लग्नातली नावं छापलेली कापडी पिशवी. पिशवीत मी, अंबूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"रिमोटला धक्का लागू देऊ नगंस," आण्णा दर गतिरोधकाला म्हणायचे. "आक्काचं हाय ते."

राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आमच्या टेबलावर तिशीतला एक चष्मेवाला होता. आठवडाभर वडिलांच्या पाइपच्या दुकानात बसतो आणि रविवारी हे करतो, असं त्यानंच आण्णांना सांगितलं. नाव पारस. हो, तोच. पण ते त्याला माहीत नव्हतं, ह्यांना तर नव्हतंच, आणि मी पिशवीत होतो.

त्यानं डबा उघडून बघितला आणि म्हणाला की आतलं सामान मोडलंय, सगळं पुसून नवं चढवलं तर मशीन झकास चालेल. मग त्यांच्या नियमाप्रमाणं विचारलं.

"काका, ह्यात जपून ठेवायचं काय हाय का? फोटो, कागदपत्रं, कुणाचा अभ्यास?"

"न्हाय पावणं. पोरांचा खेळाचा डबा हाय त्यो. पुसा."

"दोनदा विचारायचा नियम हाय आमच्यात. पुसलं की माघारी येत न्हाय बघा."

आण्णांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामनं छातीवरच्या पिशवीवर हात ठेवला. आतून मला त्याचा तळवा कळला.

"जपायचं ते हितं हाय," तो म्हणाला. "डबा पुसा."

शेवटचं बटण मालकानंच दाबायचं, हाही त्यांचा नियम. पारसनं कीबोर्ड पुढं सरकवला. जोतीरामनं डाव्या अंगठ्यानं होय दाबलं.

वीस मिनिटं लागली. आण्णांनी तेवढ्यात चहा आणला. डबा नव्यासारखा उजळला तेव्हा पारस खुशीत म्हणाला, "आणा आता तुमचा रिमोट, लावून बघू."

जोतीरामनं लुगड्याची घडी उलगडली आणि मला टेबलावर ठेवलं.

पारसनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. त्यानं माझी करवतीची खूण बघितली, ट्यूब बघितली, उडालेला कोपरा बघितला.

"हा... हा कुठनं आला तुमच्याकडं?"

"आमच्या आक्कानं केलाय."

"आक्का कुठं हायत?"

"श्रावणात गेली," आण्णा म्हणाले. "तापानं."

पारसनं स्वतःचा लॅपटॉप ओढून 'डावखुरा'चं पान उघडलं. वर माझा फोटो होता. खाली राजनंदिनीचं शेवटचं वाक्य, येत्या रविवारी ठेवते. आणि त्याच्याखाली लोकांनी लिहिलेल्या ओळीच ओळी.

"ह्यो आपला रिमोट," जोतीराम म्हणाला. "हितं काय लिवलंय? वाचा."

पारस वाचायला लागला. पहिल्या ओळी विचारणाऱ्या होत्या, मग वैतागलेल्या, मग तोंड सोडलेल्या. एका ओळीपाशी येऊन तो थांबला.

"वाचा की पुढं."

"हे मी लिहिलंय," पारस म्हणाला. मग खाली मान घालून त्यानं तेही वाचलं. "चार रविवार झाले. शब्द पाळता येत नसेल तर देऊ नये."

आण्णांना अजून उमगलं नव्हतं. मग पारसनं त्यांना सांगितलं की रिमोटमध्ये काहीच नसतं काका, सगळं डब्यात होतं. आण्णांनी एकदा माझ्याकडं आणि एकदा डब्याकडं बघितलं आणि ते खुर्ची न बघताच खाली बसले, फरशीवर. जोतीराम उभाच होता. तो आपल्या डाव्या अंगठ्याकडं बघत होता.

पुसलेलं काढून देणाऱ्या एका माणसाकडं पारसनं तो डबा नेला. तिच्या फाइलींची नावं तेवढी मिळाली. उघडल्या तर आत काही नाही. जगापुढं उरली ती दोन वर्षांपूर्वीची जुनी आवृत्ती. ती नव्या लिनक्सवर चालत नाही, आणि जुन्यावर चालवली तर ऐन वळणावर काठी अडकते. पारसनं पानावर कळवलं की राजनंदिनी गेली. सुतारानं लिहिलं, मी तिला कधी नाव विचारलं नाही. केनियातली मुलगी परत आलीच नाही.

आता पारस दर रविवारी गडमुडशिंगीला येतो. जुनं काम उघडतो, शेजारी वही ठेवतो आणि नव्यानं लिहायला बसतो. वहीत काय बिघडलं ते सगळं आहे आणि नीट झाल्याच्या लाल खुणाही आहेत. ते तिनं कसं नीट केलं, ते मात्र कुठंच नाही. दहा रविवार झाले. आमचा ट्रक अजून पहिल्याच वळणावर दरीत जातो. अंबूबाई चहा देतात आणि विचारतात, "झालं का रं बाबा?" पारस नाही म्हणून मान हलवतो. मी बाकी सगळा वेळ पिशवीत असतो, लुगड्यात. माझ्यावर धुळीचा कण नाही. एवढा जपलेला मी, आणि माझा काडीचा उपयोग नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून, म्हणजे आहे तो एकच अर्धा जोडून, सांगतो. तुमच्या घरातही कुणीतरी कोपऱ्यात बसून काहीतरी करत असेल आणि विचारलं तर काय न्हाय म्हणत असेल. तेवढ्यावर धार काढायला जाऊ नका. शेजारी बसा, दाखव म्हणा. आणि लांबच्या कुणाचं काम तुम्ही फुकट वापरत असाल आणि ते एक दिवस अडलं, तर तोंड सोडण्याआधी त्या माणसाची चौकशी करा. तो बरा आहे का, एवढं तरी.

जोतीराम हल्ली चालंना म्हणत नाही. मेळाव्याच्या त्या रविवारी घरी आल्यावर त्यानं दिवा लावायच्या आधी वही काढली होती आणि आक्कानं शिकवलं तसं लिहिलं होतं. मी शेजारीच होतो.

काय दाबलं - होय.

काय झालं - आक्काचं सगळं पुसलं.

काय व्हायला पाहिजे होतं - ती असताना एकदा तरी विचारायला पाहिजे होतं, आक्का, तू काय करतीस.

लिहून झाल्यावर त्यानं सवयीनं वही डावीकडं सरकवली, जिथं ती बसायची. त्या ओळींपुढं लाल खूण करायला कुणी नाही.